वेबसाइट चालू, मेल बंद

वाशिम जिल्ह्यात आसेगाव दोन आहेत. एक मंगरूळपीर तालुक्यातलं. तिथे पोलीस ठाणं आहे, म्हणून बातम्यांत त्याचा उल्लेख ‘आसेगाव पो.स्टे.’ असा होतो. दुसरं रिसोड तालुक्यातलं आसेगाव पेन. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, आसेगाव पूर्णा आहे, ते तिसरं. पाकिटावर नुसतं ‘मु. पो. आसेगाव’ लिहिलं तर पत्राची काय गत होईल ते वेगळं सांगायला नको. एकाच नावाची अशी गावं देशभर आहेत, त्यात पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या. या गोंधळातून वाट काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा आकडी पिन कोड ही त्यांची कल्पना. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारं पोस्ट ऑफिस. मंगरूळपीर ४४४४०३, रिसोड ४४४५०६, चांदूर बाजार ४४४७०४. तिन्ही ठिकाणी सुरुवात ४४४ चीच, सगळा फरक शेवटच्या तीन आकड्यांत.

संगणकांना हाच प्रश्न दहाएक वर्षांनी पडला. इंटरनेटच्या पूर्वजन्मात, म्हणजे अर्पानेटवर, कुठल्या संगणकाचा आकडी पत्ता काय याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, त्यांनी यादीत भर घालायची, आणि मग सगळ्यांनी ती उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. एक मोठी यादी ठेवायच्या ऐवजी उतरंड करायची आणि प्रत्येक पायरीने फक्त आपल्या खालच्या पायरीची माहिती ठेवायची. नाव उजवीकडून वाचायचं. ‘डॉट इन’ दिसलं की भारताच्या नोंदवहीकडे जायचं, तिथे मधलं नाव विचारायचं, आणि त्या नावाच्या बाकीच्या नोंदी कुठल्या सर्व्हरवर आहेत ते कळलं की पुढचा प्रश्न त्या सर्व्हरला. या ‘डॉट इन’ची जागतिक नोंद ८ मे १९८९ ची आहे. सुरुवातीची वर्षं त्याचा कारभार मुंबईतल्या एनसीएसटी या संशोधन संस्थेकडे होता. २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे गेला आणि कोणीही ‘डॉट इन’ नाव घेऊ शकेल अशी सोय झाली.

आता समजा, मंगरूळपीरकडच्या आसेगावात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोळा करून प्रतवारी करायची आणि थेट प्रक्रियावाल्यांना विकायचं. कंपनी म्हटली की २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १२ आलं. लेटरहेडवर, बिलांवर नाव-पत्ता-फोनसोबत ईमेलही छापावा लागतो. सुरुवातीला कोणाचा तरी जीमेल चालतो. मग बँकेत, खरेदीदारांकडे वजन पडावं म्हणून स्वतःचं डोमेन घेतलं जातं. ओळखीतला एक वेबसाइटवाला साइट बनवून देतो, मेलची पेटी झोहो किंवा गूगलकडे उघडली जाते आणि दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग संचालक मंडळाला साइट जुनाट वाटायला लागते. नवा वेबसाइटवाला येतो आणि ऐन हंगामात साइट नव्या होस्टिंगवर हलवतो. मोबाइलवर झकास उघडते, सोयाबीनच्या शेताचा फोटोही फिरतो. पण चार दिवसांनी अकोल्याच्या खरेदीदाराचा फोन येतो, ‘‘दादा, पर्चेस ऑर्डर सोमवारीच पाठवली, उत्तर का नाही?’’

मेल आलेलाच नसतो. इथून जो तपास सुरू होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. पासवर्ड बदलून बघतात, पेटी भरली का ते बघतात, नेट बंद-चालू करतात, कोणी तरी नवा लॅपटॉप घ्यायचं सुचवतो. बिघाड यातल्या कशातच नसतो. तो कंपनीच्या डोमेनच्या नोंदींत असतो आणि त्या नोंदी आसेगावातल्या कुठल्याच यंत्रावर नसतात.

घडलेलं असतं ते असं. डोमेनच्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. वेबसाइट कुठल्या यंत्रावर आहे हे सांगणारी नोंद ती ‘ए रेकॉर्ड’. या नावाचा मेल कोण स्वीकारतं हे सांगणारी ती ‘एमएक्स रेकॉर्ड’. साइट एकीकडे आणि मेल दुसरीकडे ठेवता येतो तो या वेगळेपणामुळेच. ही सोय १९८६ साली क्रेग पार्ट्रिज यांनी लिहून काढली आणि आजही मेल तिच्यावरच चालतो. नव्या वेबसाइटवाल्याने फक्त ए रेकॉर्ड बदलला असता तर मेलला धक्काही लागला नसता. पण त्याला सोपा रस्ता माहीत असतो, डोमेनचे नेमसर्व्हरच, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, नव्या होस्टिंगचे करून टाकायचे. नेमसर्व्हर बदलले म्हणजे सगळी नोंदवहीच बदलली. नव्या वहीत होस्टिंगवाल्याने साइटची नोंद आपोआप केलेली असते. झोहोच्या किंवा गूगलच्या एमएक्स नोंदी मात्र जुन्या वहीतच राहतात आणि ती वही आता कोणी उघडत नाही.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे खरेदीदाराकडे परत गेलेल्या मेलवर ‘डोमेनमध्ये गडबड’ असं लिहिलेलं नसतं. एमएक्स नोंद सापडली नाही तर मेल पाठवणारा सर्व्हर हार मानत नाही. नियमाप्रमाणे तो ए रेकॉर्डवरच्या यंत्राकडे, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरकडे, मेल नेतो. नव्या होस्टिंगने स्वतःचीच एमएक्स नोंद घालून ठेवली असेल तरी परिणाम तोच. त्या सर्व्हरवर कंपनीच्या नावाची पेटी कोणी उघडलेलीच नसते. तो म्हणतो, ‘५५०, असा कोणी वापरकर्ता नाही.’ खरेदीदार ते वाचतो आणि म्हणतो, तुमचा ईमेल पत्ताच चुकीचा छापलाय. इकडे संचालक बिलावरचं स्पेलिंग तपासत बसतात. पेटी जागेवर असते, शाबूत असते, मेल भलत्या दारात गेलेला असतो.

म्हणून परत आलेला मेल नीट वाचावा. तो इंग्रजीत असतो, लांबलचक असतो आणि यंत्राने लिहिलेला असल्याने लोक तो पुसून टाकतात. त्यात एकच ओळ महत्त्वाची असते, तीन आकड्यांची आणि तिच्यामागे टिंबांनी जोडलेल्या आकड्यांची. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहील. ५ असेल तर नकार कायमचा. ५.१.१ म्हणजे डोमेन सापडलं, पण त्या सर्व्हरवर अशी पेटी नाही. साइट नुकतीच हलवली असेल तर इथे पहिला संशय एमएक्सवर घ्यावा. ५.१.२ किंवा ‘डोमेन सापडलं नाही’ असा निरोप असेल तर डोमेन मुदत संपून गेलंय किंवा नेमसर्व्हरच बोलत नाहीत. ५.७ ने सुरू होणारे नकार वेगळ्या घरचे. मेल योग्य ठिकाणी पोचला, पण समोरच्याने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ५.७.२६ हा जीमेलकडून येणारा त्यातला नेहमीचा पाहुणा. त्यावर पुढे येतोच.

तपासायला शहरातला तज्ज्ञ लागत नाही. विंडोजच्या कुठल्याही संगणकावर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून ‘एनएसलूकअप’ ही आज्ञा द्यायची, प्रकार एमएक्स सांगायचा आणि डोमेनचं नाव लिहायचं. आसेगावातल्या सेतू केंद्रावरचा मुलगाही हे दोन मिनिटांत करील. मोबाइलवरून बघायचं तर गूगलचं टूलबॉक्स किंवा एमएक्सटूलबॉक्स ही फुकटची ठिकाणं आहेत. उत्तरात मेल सेवेचं नाव दिसायला हवं. झोहोची भारतातली पेटी असेल तर झोहोच्या तीन नोंदी, प्राधान्य १०, २० आणि ५०. गूगल पूर्वी पाच नोंदी घालायला सांगायचं, आता एकीवर भागतं. प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका मान आधी, हे उलटं वाटतं खरं. तिथे जुन्या सेवेची एखादी नोंद राहून गेली असेल तर ती काढा; नाही तर नवा सर्व्हर क्षणभर व्यस्त असताना काही मेल जुन्या पेटीत जाऊन पडतात आणि ‘कधी येतो, कधी येत नाही’ हा सगळ्यात वैताग देणारा प्रकार सुरू होतो.

नोंद घालतानाची एक बारीक खोड सांगतो, कारण ती पानावर दिसत नाही. डोमेनच्या पॅनलमध्ये ‘नाव’ असा रकाना असतो. कित्येक पॅनलं त्या रकान्यात लिहिलेल्याच्या पुढे डोमेनचं नाव स्वतःहून जोडतात. तुम्ही सूचनेबरहुकूम पूर्ण नाव टाकलंत तर खरी नोंद होते ‘आपलेनाव डॉट इन डॉट आपलेनाव डॉट इन’ अशी, आणि त्या नावाला जगात कोणी विचारत नाही. उलट बाजूलाही हेच. मेल सर्व्हरच्या नावापुढे शेवटचं टिंब द्यायचं राहिलं, तर काही पॅनलं ते नाव अपुरं समजून त्याला आपल्या डोमेनची शेपटी लावतात. डीएनएसमध्ये शेवटचं टिंब म्हणजे ‘नाव इथे संपलं’. हाताने नोंदी लिहिणारे जुने लोक या टिंबाला फार जपतात, आणि रास्त जपतात. शिवाय एमएक्सच्या रकान्यात आयपी आकडा चालत नाही, नावच लागतं, आणि ते नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं, म्हणजे सीनेम, नसावं.

आणखी एक जागा. एमएक्स बरोबर आहेत, बाहेरून येणारे मेल येतायत, पण कंपनीच्याच साइटवरच्या ‘संपर्क’ फॉर्मवरून येणारी विचारपूस गायब. होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ नावाची निवड असते. ती ‘लोकल’वर राहिली तर तो सर्व्हर समजतो की या डोमेनचा मेल माझ्याकडेच आहे. मग तो डीएनएसला विचारतच नाही, मेल स्वतःच्याच पोटात ठेवून घेतो. ‘रिमोट’ केलं की मोकळं होतं. ही निवड डीएनएसची नोंद नाही, म्हणून तपासणीच्या कुठल्याही साइटवर ही चूक दिसत नाही.

येणारा मेल लागला. आता जाणारा. इथे गेल्या काही वर्षांत नियम खूप कडक झाले आहेत. मुळात मेलची रचना भाबडी आहे. पाठवणारा म्हणून कोणाचंही नाव लिहिता येतं, जसं आंतरदेशीय पत्राच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो. या भाबडेपणावर फसवणुकीचा धंदा उभा राहिला. त्याला उत्तर म्हणून तीन नोंदी आल्या आणि तिन्ही डोमेनच्या वहीतच लिहायच्या असतात.

पहिली एसपीएफ. आमच्या नावाने मेल पाठवायला कोणकोणत्या सर्व्हरना परवानगी आहे, त्याची यादी. यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका डोमेनला दोन एसपीएफ. जुन्या होस्टिंगने एक घातलेली असते, झोहो लावताना कोणी तरी दुसरी घालतो. नियम एकीचाच आहे. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दोन्हींतली नावं एका ओळीत एकत्र करायची आणि उरलेली ओळ पुसायची. दुसरी मर्यादा दहाची. एसपीएफ तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तर नोंद रद्द. बिलिंगचं सॉफ्टवेअर, शुभेच्छापत्रं पाठवणारी सेवा, साइट, मेल असं एकेक जोडत गेलं की दहाचा आकडा लवकर ओलांडतो, कारण प्रत्येक सेवेच्या पोटात आणखी नावं असतात. ओळीच्या शेवटी ‘ऑल’च्या आधी काय चिन्ह आहे तेही बघा. वजा म्हणजे यादीबाहेरच्यांना नकार, लाटेसारखी तिरकी रेघ म्हणजे संशय. अधिकचं चिन्ह असेल तर तुम्ही अख्ख्या जगाला तुमच्या नावाने लिहायची मुभा दिली आहे. ते चिन्ह मी सरकारी योजनेतून बनवून दिलेल्या साइटवरही पाहिलं आहे.

दुसरी डीकिम. मेल निघताना सेवा त्याच्यावर गुप्त किल्लीने सही करते. सही पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. २०४८ बिटची ही उघडी किल्ली सुमारे चारशे अक्षरांची होते आणि डीएनएसमध्ये मजकुराच्या एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. चांगली पॅनलं तिचे दोन तुकडे स्वतःहून करतात. वाईट पॅनलं शेपूट कापून टाकतात आणि काही बोलत नाहीत. मग पॅनलवर नोंद दिसते, हिरवी टिकही दिसते, पण एकही सही जुळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून किल्ली पाठवली आणि मधेच जागा किंवा ओळ तुटली तरी हेच होतं. म्हणून नोंद घातल्यावर ती बाहेरून परत वाचून पहिल्या आणि शेवटच्या आठ-दहा अक्षरांची ताडणी करावी. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

तिसरी डीमार्क. समोर दिसणाऱ्या ‘प्रेषक’ नावाशी वरच्या दोनपैकी एक तरी जुळली पाहिजे, आणि न जुळल्यास मेलचं काय करायचं, हे ती सांगते: काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा परत पाठवा. कोणी हौसेने पहिल्याच दिवशी ‘परत पाठवा’ लिहून ठेवतो आणि स्वतःचीच बिलं अडवून बसतो. आधी ‘काहीच करू नका’ ठेवायचं, अहवाल मागवायचे आणि आपल्या नावाने कुठून कुठून मेल जातो ते महिनाभर पाहायचं. बहुतेकांना यातच आपला विसरलेला एखादा सर्व्हर सापडतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलं. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलकडे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी हव्यात. बाकीच्यांना, म्हणजे आसेगावच्या कंपनीलाही, एसपीएफ किंवा डीकिम यातली एक तरी हवीच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या प्रेषकांना तोच नियम लावला. त्यामुळे ‘इतकी वर्षं जात होते की मेल, आताच काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘तुमच्याकडे काही झालं नाही, पलीकडचा दरवाजा बदलला’ असं असतं. परत आलेल्या मेलवरचा ५.७.२६ तो हाच.

फॉर्मचा घोळ इथेही आहे. साइटवर कोणी चौकशी भरली की फॉर्म त्या माणसाचाच पत्ता प्रेषक म्हणून लावतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जावं. पण मग तो मेल जीमेलच्या किंवा याहूच्या नावाने तुमच्या होस्टिंगवरून निघतो, जिथून निघायची त्याला परवानगी नाही. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावाच्या अशा मेलना थेट नकार द्यायला सांगितलं होतं. प्रेषक कंपनीचाच पत्ता ठेवायचा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये. एका ओळीचं काम.

तिन्ही नोंदी नीट लागल्या का, हे पाहायचा सोपा मार्ग असा. कंपनीच्या पेटीतून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, संगणकावर तो उघडा, तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ घ्या. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला आणखी एक नोंद लागते, आकड्यावरून नाव सांगणारी पीटीआर. ती डोमेनच्या पॅनलमध्ये लिहिता येतच नाही, आयपी ज्याचा आहे त्यानेच ती करायची असते. खेड्यातल्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

नोंद दुरुस्त केली तरी लगेच फरक पडत नाही आणि हेल्पलाइनवरचा माणूस म्हणतो, ‘‘४८ तास थांबा, प्रोपगेशन होतंय.’’ जणू काही तुमची नोंद गावोगाव फिरून कळवली जाते. तसं काही होत नसतं. प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते, सेकंदांत. कोणी एकदा विचारलं की मिळालेलं उत्तर तो तितका वेळ जपून ठेवतो आणि मुदत संपल्याशिवाय परत विचारत नाही. टीटीएल ३६०० असेल तर तासाभरात सगळे नव्याने विचारतात. ४८ तासांचा आकडा हवेतून आलेला नाही. ‘डॉट कॉम’च्या नोंदवहीत नेमसर्व्हरच्या नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असते. नेमसर्व्हर बदलले असतील तर तेवढा धीर धरावा. नुसता एमएक्स किंवा एसपीएफ सुधारला असेल तर दोन दिवस थांबायला सांगणारा माणूस बहुधा स्वतःसाठी वेळ मागत असतो. एनएसलूकअपच्या आज्ञेत शेवटी आपल्या नेमसर्व्हरचं नाव जोडलं की थेट मूळ वहीतलं उत्तर मिळतं. तिथे नोंद बरोबर दिसली तर थांबा, चुकीची दिसली तर कितीही थांबून उपयोग नाही. ‘नोंद नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवलं जातं, म्हणून नोंद घालायच्या आधी उत्सुकतेपोटी पन्नासदा तपासू नये. आणि बदल करायचा हे आधी ठरलेलं असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणून ठेवा. मग चूक झाली तरी पाच मिनिटांची.

इतकं सगळं सांगितलं, पण खरी अडचण यातल्या कशात नसते. नोंद कशी घालायची हे अर्ध्या तासात शिकता येतं. पॅनलचं लॉगिन कोणाकडे आहे, इथे गाडी अडते. डोमेन वेबसाइटवाल्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. तो आता पुण्याला नोकरीला, फोन उचलत नाही. किंवा ओटीपी जुन्या सीईओच्या मोबाइलवर जातो, आणि ते वाद होऊन गेलेत. ‘डॉट कॉम’ नावांना मुदत संपायच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, शिवाय संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा आठवणी पाठवणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. त्या आठवणी नोंदलेल्या ईमेलवर जातात, म्हणजे वेबसाइटवाल्याकडे. सगळ्यात वाईट, नोंदलेला ईमेल त्याच डोमेनचा असतो. डोमेन बंद पडलं, मेल बंद पडला, आणि डोमेन परत मिळवायचा ओटीपी त्याच बंद पेटीत. खात्याचा ईमेल म्हणून कंपनीच्या नावाने काढलेला साधा जीमेलच द्यावा. डोमेन कधी संपतं आणि कोणाकडून घेतलं, हे ‘हूइज’ शोधात कोणालाही दिसतं. मालकाचं नाव हल्ली झाकलेलं असतं, तारीख आणि विक्रेता झाकलेला नसतो. संचालक मंडळ बदललं की बँकेतल्या सह्या बदलतात. डोमेनचं खातंही त्याच ठरावात बदलून घ्यावं आणि सगळ्या नोंदींची छापील प्रत इतिवृत्ताच्या फाइलला लावावी. सहीचा अधिकार असलेल्या माणसाला त्यातलं काही कळायची गरज नाही. पुढच्या वेळी कोणी नेमसर्व्हर बदलले तर तो कागद समोर ठेवून नोंदी जशाच्या तशा परत घालता येतात.

मराठी नावाचं डोमेन घ्यायचं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. ‘डॉट भारत’ देवनागरीत ऑगस्ट २०१४ पासून मिळतं. डीएनएसच्या आत मात्र ते इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठतं, ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या, आणि कित्येक पॅनलांत तेच रूप टाकावं लागतं. ‘वाशिम’ आणि ‘वाशीम’ ही डीएनएसला दोन संपूर्ण वेगळी नावं आहेत. घ्यायचं तर दोन्ही घ्या. साइट त्या नावावर छान चालते. मेलसाठी मात्र पाठवणारा आणि घेणारा अशा दोन्ही सर्व्हरना देवनागरी पत्ता समजावा लागतो. जीमेलला तो २०१४ पासून समजतो, पण तुमच्या खरेदीदाराच्या लेखा सॉफ्टवेअरला समजेल याची खात्री नाही. बिलावर सध्या तरी रोमन पत्ता छापलेला बरा.

समजा लॉगिन मिळालं, एमएक्स परत घातले, मेल यायला लागला. मधल्या चार दिवसांचं काय? ज्यांना ४ ने सुरू होणारं उत्तर मिळालं होतं त्यांचे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रांगेत थांबलेले असतात. बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करतात, त्यामुळे ते आपोआप येऊन पडतील, थोडे मागेपुढे. ५ ने नाकारलेले मेल येणार नाहीत, ते पुन्हाच पाठवावे लागतील, आणि पाठवणाऱ्याने तो इंग्रजी निरोप वाचला असेलच असं नाही. कुठे नेमसर्व्हरच्या घोळात जुन्या होस्टिंगवर मेल गेले असतील तर तिथली पेटी बंद व्हायच्या आत वेबमेलमधून उघडून पाहावी. होस्टिंगची मुदत संपल्यावर ती पेटीही जाते. तेव्हा दुरुस्तीनंतरचं काम म्हणजे हंगामातल्या खरेदीदारांची, बँकेची आणि कृषी विभागाची यादी समोर घेऊन एकेकाला फोन लावणं आणि सांगणं, सोमवारपासूनचं जे काही पाठवलं असेल ते परत एकदा पाठवा.